पोच आली नाही म्हणजे

सकाळी रोडिन, म्हणजे मॉडेल गणिताने तपासायचं सॉफ्टवेअर, उघडलं तर सगळ्या प्रूफ ऑब्लिगेशन्सवर (सिद्ध करायच्या विधानांवर) हिरव्या खुणा, एक सोडून. ती एक राहिली होती ‘रद्द’ या इव्हेंटच्या गार्डची, म्हणजे तो कधी घडू शकतो या अटीची.

मॉडेल इव्हेंट-बीमध्ये होतं, म्हणजे प्रणाली कशी वागते हे गणिती भाषेत मांडायच्या पद्धतीत. सर्वांत वरच्या पातळीवर मी मोजकंच लिहिलं होतं: विनंती मंजूर होते, मंजूर झालेलीच पाठवली जाते आणि पाठवली नसेल तोवर रद्द करता येते. तिथे सर्व्हर नाही, रांग नाही. पुढच्या रिफाइनमेंटमध्ये, म्हणजे जास्त तपशिलाच्या खालच्या पातळीवर, त्या एका चौकटीचे दोन घटक केले, एक मंजुरी देणारा आणि एक पाठवणारा. मध्ये संदेशांची रांग, उलट दिशेने पोच, म्हणजे ‘पाठवलं’ असा निरोप. ‘रद्द’ मंजुरीच्या घटकाकडे दिलं. आर्किटेक्चरच्या चित्रात हे अगदी शोभून दिसत होतं.

नियम असा, की खालच्या इव्हेंटचा गार्ड खरा असेल तेव्हा वरच्या इव्हेंटचाही खरा असलाच पाहिजे. खाली मी लिहिलं होतं, ‘पोच आलेली नाही’. वर होतं, ‘पाठवलेली नाही’.

आता हे दोन ओळींत वाचताना चूक लगेच डोळ्यांत भरते. मला दोन तास लागले. आधी प्रूव्हरला, म्हणजे ही विधानं सिद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमला, नावं ठेवली. मग हाताने गृहीतकं पुरवली, हायपोथिसिस निवडून पुन्हा चालवलं. शेवटी वैतागून एक इनव्हेरियंटच (कायम खरी राहायला हवी अशी अट) घातला: पोच आलेल्या आणि पाठवलेल्या विनंत्यांचे संच समान. ‘रद्द’ हिरवं झालं! आणि ‘पाठव’ लाल. साहजिकच होतं, पाठवल्याक्षणी एक संच वाढतो, दुसरा नाही. लाल रंग नुसता जागा बदलत होता.

खरं होतं ते इतकंच, की पोच आलेली प्रत्येक विनंती पाठवलेली असते. मला उलटं हवं होतं, आणि पोच वाटेत असेपर्यंत ते खोटंच.

शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं. त्याचा कोड तयार होता.

“अगं, टेस्ट सगळ्या पास आहेत.”

“पोच उशिरा आली तर काय, याची आहे का एखादी?”

तो थोडा वेळ गप्प बसला. “नाही. पोच लगेचच येते ना टेस्टमध्ये.”

संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थचा टप्प्याटप्प्याने रिफाइनमेंटवरचा लेख १९७१चा. तेव्हा विषय एकाच प्रोग्रॅमचा होता. घटक वेगळे झाले की प्रत्येकाला जग थोडं शिळं दिसतं, आणि माझा गार्ड त्या शिळ्या माहितीवर उभा होता.

दुरुस्ती खाली होण्यासारखी नव्हती. काय पाठवलं हे ज्याला ठाऊक, त्या पाठवणाऱ्या घटकाकडेच ‘रद्द’ न्यावं लागलं. मंजुरीच्या घटकाकडे उरलं ते फक्त ‘रद्द करा’ म्हणून मागणं, आणि ती मागणी नाकारलीही जाऊ शकते. वापरणाऱ्याला हे दिसणार, म्हणजे वरच्या पातळीतही ते यायला हवं. दुपारची बैठक त्यावरच गेली. बटण दाबलं की रद्द, असं कधीच कबूल करून बसलेल्यांना ते मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी वरचं मशीन, म्हणजे वरच्या पातळीचं मॉडेल, बदललं, आणि हिरव्या खुणांपैकी चौदा गेल्या. अकरा प्रूव्हरने स्वतःच परत मिळवल्या. तीन तशाच ठेवून मी लॅपटॉप बंद केला.