बाई, पाणलोट म्हणजे ती पाटीच ना?

सहावीच्या वर्गात विचारलं, "पाणलोट म्हणजे काय?" एक जण तडक उभा राहिला. "बाई, गावाबाहेर सरकारी पाटी आहे ना, ती!" पावसाचं पाणी उतारावरून वाहत एकाच नदीला किंवा तळ्याला मिळतं तो सगळा भाग म्हणजे पाणलोट, हे सांगायला दोन तास फळ्यावर उतार, नाले, नदी काढत बसले, तरी मुलांच्या डोक्यातून पाटी काही जाईना. शाळा निफाड तालुक्यातली. इथल्या पोरांना पाणी म्हणजे पाटाचं आवर्तन, नाहीतर विहिरीवरची मोटर.

शेवटी ड्रॉइंगचा जाड कागद चुरगळला, अर्धवट उलगडून टेबलावर ठेवला आणि उंच घड्यांवर निळं स्केचपेन गिरवलं. एक टोक त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, दुसरं दिंडोरीकडचे डोंगर. वर बाटलीतून फवारा मारला. शाई ओघळली, दोन ओहोळ झाले आणि एकाच खळग्यात येऊन थांबले. "ही गोदावरी, ही कादवा, आणि हे डबकं म्हणजे आपल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचं पाणी." मागच्या बाकावरून आवाज आला, "मग मध्ये नाशिक लागतं की! त्यांचं गटार पण इथंच?" फळ्यानं दोन तासांत केलं नाही ते फवाऱ्यानं दोन मिनिटांत केलं.

मग ते पाणी आणि तिथले पक्षी पाहायला सहल ठरवली. प्रस्ताव एकदा परत आला, ठरलेली गाडी आदल्या रात्री रद्द झाली. पालकांनी आपल्या गाड्या काढल्या, फेऱ्या मारल्या. त्या पाण्याकाठच्या चापडगावला पोचेपर्यंत दहा वाजले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे म्हणून नाचत आलेली पोरं हिरमुसली, कारण रोहित नव्हतेच. पण दुर्बिणीत वारकरी सापडला. काळाकुट्ट पक्षी, कपाळावर पांढरा पट्टा. "बाई, ह्यानं गंध लावलंय!" मग दुर्बिणीसाठी जी झोंबाझोंबी झाली, ती विचारू नका.

नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, 2020 साली जाहीर झालं, हे मी पाठ करून गेले होते. मुलांना त्याचं काही नाही. त्यांना आवडला तो गाळ. शंभरेक वर्षांपूर्वीचा बंधारा, मागं वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, म्हणून इतके पक्षी उतरतात. "म्हणजे धरण बुजलं म्हणून बदकांची मजा?" होय बाबा, तसंच. बंधाऱ्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला विचारशील तर तो वेगळं सांगेल.

परतल्यावर पाटीवाल्यानं नकाशा काढला. कोपऱ्यात घरामागची मोरी, तिथून बाण ओढ्याला, ओढा कादवेला. मोरी नदीपेक्षा मोठी काढली होती. मी खोडायला लावली नाही.

पुढच्या वर्षी मात्र सहालाच निघायचं. आणि दुर्बिणी निदान तीन.