‘फ्रँकेन्स्टाइन’: आधी आवृत्ती बघा, मग सिनेमे

‘फ्रँकेन्स्टाइन’चा अभ्यास फसतो तो बहुधा सुरुवातीलाच, हातातली प्रत कुठली हे न बघितल्यामुळे. मेरी शेलीची ही कादंबरी १ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय निघाली. छापल्या फक्त ५०० प्रती. १८३१मध्ये तिनेच मजकूर बदलून ती एका खंडात आणली. आज दोन्ही पाठ, म्हणजे मजकुराची दोन्ही रूपं, बाजारात आहेत आणि मुखपृष्ठावरून काही कळत नाही. ओळखायची खूण सोपी: प्राणी घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची वाग्दत्त वधू एलिझाबेथ त्याची आतेबहीण असेल तर पाठ १८१८चा, कोमो सरोवराजवळच्या गरीब घरात सापडलेली अनाथ पोर असेल तर १८३१चा.

हा नुसता तपशिलाचा फरक नाही. नंतरच्या पाठात व्हिक्टर वरचेवर नशिबाला बोल लावतो. तेव्हा ‘दोष कोणाचा?’ यावर लिहायचं तर पाठ आधी ठरवा, नाहीतर अर्धे दाखले उलटतात. संदर्भही चुकतात: व्हिक्टरने घडवलेला प्राणी पहिल्यांदा डोळे उघडतो ते १८१८मध्ये पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात, १८३१मध्ये पाचव्या. तो प्रसंग सावकाश वाचा. नोव्हेंबरची रात्र, तावदानांवर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती. वीज कडाडत नाही, मदतनीस नाही, किल्लाही नाही.

मग वीज, मदतनीस, किल्ला हे सगळं आलं कुठून? नाटका-सिनेमांतून. रूपांतरं कादंबरीपेक्षा एकमेकांवरच जास्त पोसली आहेत, म्हणून ती सालवार लावून बघावीत. १८२३च्या लंडनमधल्या नाटकात रिचर्ड ब्रिन्स्ली पीकने फ्रिट्झ नावाचा नोकर आणला आणि प्राण्याची वाचाच काढून घेतली. जेम्स व्हेलचा १९३१चा चित्रपट पेगी वेबलिंगच्या नाटकावरून निघाला; त्यातही फ्रिट्झ आहे आणि प्राणी मुका. कादंबरीतला प्राणी मिल्टन, प्लूटार्क नि ग्योथं वाचतो, व्हिक्टरशी वाद घालतो, आणि मधल्या खंडाचा बराचसा भाग त्याच्याच तोंडी आहे. माझ्या मते सर्वात मोठी काटछाट हीच.

तिचा परिणाम पाण्याच्या प्रसंगात दिसतो. कादंबरीत एक मुलगी नदीत पडते, प्राणी तिला ओढून काढतो आणि बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी खातो. का चिडला, हे तो स्वतः सांगतो. १९३१मध्ये तळ्याकाठी छोटी मारिया फुलं पाण्यावर सोडते, ती तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. बोलता येत नाही, म्हणून सगळा भार प्राण्याची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या हातांवर आणि गोंधळलेल्या चेहऱ्यावर. पुढे हा तुकडा कापला गेला. प्राणी हात पुढे करतो तिथेच दृश्य तुटायचं, आणि नंतर बाप मुलीचा मृतदेह घेऊन गावात यायचा. प्रेक्षकाच्या मनात त्याहून भयंकर काही यायचं. म्हणून हा तुकडा परत जोडलेली प्रतच बघा.

मदतनीस म्हणून प्रसिद्ध असलेला इगोर शोधत १९३१चा चित्रपट लावू नका. तो १९३९च्या चित्रपटातला, बेला लुगोसीने रंगवलेला, आणि तोही प्रयोगशाळेतला मदतनीस नव्हे.

प्राण्याची वाचा ऐकायची तर डॅनी बॉइलने दिग्दर्शित केलेल्या २०११च्या नाटकाचं चित्रीकरण बघा. सुरुवातच प्राण्यापासून होते, आणि बेनेडिक्ट कंबरबॅच व जॉनी ली मिलर व्हिक्टर आणि प्राणी या भूमिका आलटूनपालटून करायचे. कादंबरी ज्याच्या पत्रांतून सुरू होते त्या दर्यावर्दी वॉल्टनच्या जहाजाची चौकट मात्र त्यात नाही. तिच्यासाठी केनेथ ब्रॅनाचा १९९४चा चित्रपट.