कृतज्ञतेची वही : दिवस ४३

वही साधी, शंभर पानी. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. वेळ रात्री जेवणं आवरल्यावरची. मधले चार दिवस खाडा झाला, कारण रोप लावणीला खानापूरकडे गावी गेले होते. रात्री अंग इतकं दुखायचं की पेन हातात धरवत नव्हतं. त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅककलो यांच्या कृतज्ञतेवरच्या २००३ च्या अभ्यासातल्या एका गटाने आठवड्यातून एकदाच अशा गोष्टी लिहिल्या होत्या, तरी त्या लोकांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं होतं.

पहिल्या पंधरवड्याची पानं आज परत वाचली. "तब्येत ठीक. घरचे ठीक. पाऊस चांगला." रोज तेच. खोटं काहीच नव्हतं, पण लिहिताना मन हलत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या, आणि प्रत्येक गोष्ट का घडली तेही लिहिलं. तो 'का' मी सोडूनच दिला होता.

१६ व्या दिवशी लिहिलं : "पाणी आलं तेव्हा मी घरी नव्हते, तरी दोन्ही पिंपं भरलेली." का? शेजारच्या अक्कांनी त्यांचा पाईप आमच्या अंगणात ओढला, आधी पिंपं विसळली, भरली, वर फडकं बांधलं. फडकं त्यांच्याच जुन्या इरकलीचं, धुऊन मऊ झालेलं, लाल काठ अजून तसाच. एवढं मी त्या दिवशी बघितलंही नव्हतं, लिहायला बसले तेव्हा आठवलं. मग राकसकोपच्या धरणातून येणारं पाणी आमच्या गल्लीत सोडणारा माणूसही वहीत आला. भल्या पहाटे येऊन व्हॉल्व्ह फिरवतो, मी त्याचा चेहरासुद्धा कधी पाहिलेला नाही.

तेव्हापासून माझ्या तिन्ही गोष्टींत माणसं यायला लागली.

३१ वा दिवस आईच्या वर्षश्राद्धाचा. तीन सुचल्या नाहीत, एकच लिहिली. नव्या तांदळाचा पहिला भात आई आधी शेजारी द्यायची, मग आम्हाला वाढायची. का, ते तिला कधी विचारलं नाही. ती ओळ कोरी ठेवलीय.

नवीन सुरू करणाऱ्यांना एक सांगते : तीनचा आकडा गाठायला काहीबाही लिहू नका. एकच लिहा, पण बारकाईने.

आता पुढचं पाऊल. वहीतल्या माणसाला तोंडाने सांगायचं, आठवड्याला एकाला. आपल्याकडे घरोब्यात 'धन्यवाद' म्हटलं की परकं वाटतं, म्हणून बरेच दिवस अडले होते. काल अक्कांना त्यांच्याच भाषेत, कानडीत म्हटलं, "भाळ उपकार आत्री," म्हणजे फार उपकार झाले. त्या "इरली बिडरी", म्हणजे असू दे हो, म्हणाल्या आणि माझा हात धरून पिंपाकडे घेऊन गेल्या. झाकणाला तडा गेलाय, डास होतील, ते आधी बदल म्हणाल्या.

आज नवीन झाकण आणलं. ४३ व्या दिवसाची पहिली नोंद तीच.