एका कागदी कपाची टोकियो-वारी

गेल्या महिन्यात डॅलसहून आमच्या टीममधला एक सहकारी आला होता. पहिल्यांदाच जपानला. त्याला टोकियो दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण काय, तर "तू आता इथलीच." टोकियोतल्या निशी-कसाईत नऊ वर्षं काढून मी इथली झालेय का, ते मला अजून कळलेलं नाही. पण शुक्रवारची रजा मिळत होती, हो म्हटलं.

सकाळी स्टेशनाजवळच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातून, त्यानं कॉफी घेतली आणि चालता चालताच प्यायला. इथे तसं फारसं कोणी पीत नाही, पण पाहुण्याला पहिल्याच तासाला काय टोकायचं? दोन सिग्नल पुढे गेल्यावर रिकामा कप हातात धरून तो विचारतो, "डस्टबिन कुठंय?"

नाहीये. 20 मार्च 1995 ला ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी भुयारी गाड्यांमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सारीन या विषारी रसायनाच्या पिशव्या छत्रीच्या टोकानं फोडल्या. त्यानंतर, कुंडीत कोणी असं काही लपवेल या भीतीनं, टोकियोतल्या सार्वजनिक कचराकुंड्या उचलल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा परत आल्याच नाहीत. त्यानं हे ऐकलं, मान हलवली आणि लगेच पेयांच्या मशीनशेजारच्या डब्यात कप कोंबायला गेला. त्या डब्याला गोल भोकं असतात, फक्त बाटल्या आणि कॅनपुरती. कप अडकला. ओढून काढला. आता तो चेपलेलाही होता.

मग मेट्रोची तोझाई लाईन, सकाळी आठची. 2019 साली किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात हिची गर्दी क्षमतेच्या 199 टक्के मोजली गेली होती. चेंगरलेला पाहुणा माझ्या कानाशी कुजबुजला, "सगळे इतके गप्प का? काही झालंय का?" मी डोंबिवलीची. मला गर्दीचं काही वाटत नाही. सुरुवातीला मलाही झेपली नव्हती ती ही शांतताच. आमच्या लेडीज डब्यात एवढ्या बायका कोंबल्या असत्या तर एव्हाना दोन भांडणं, एक डोहाळजेवण आणि अर्धा किलो गवार मोडून झाली असती. इथे फोन सायलेंटवर आणि माणसंही. बायकांसाठी राखीव डबा बघून मात्र तो चाटच पडला. मी म्हटलं, ह्यात काय एवढं?

असं दिवसभर चाललं. पिवळ्या टोप्या घातलेली, पाठीवर दप्तर लटकवलेली पहिली-दुसरीतली पोरं एकटी रस्ता ओलांडताना दिसली, तर हा त्यांचे आईबाप शोधायला लागला. जेवणानंतर टेबलावर टीप ठेवून निघाला, तर वाढणारी मुलगी पैसे घेऊन धापा टाकत जिन्यापर्यंत आली. विसरलात म्हणून.

पण खरी मजा पत्त्यात. दुपारी त्याला एका चाकूच्या दुकानात जायचं होतं. पत्ता हातात, रस्त्याचं नाव कुठेच नाही, कारण इथे बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. आधी चोमे, म्हणजे वस्तीचा नंबर दिलेला भाग, मग त्यातल्या ठोकळ्याचा, म्हणजे रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या गटाचा नंबर, मग इमारतीचा. नंबर ठोकळ्याभोवती फिरतात, रस्त्याबरोबर सरळ जात नाहीत. हे 1962 च्या कायद्यानं जरा शिस्तीत आलं म्हणतात. तो वैतागला: "रस्त्याला नाव नाही, मग पोस्टमन काय करतो?" आता मी 'पाण्याच्या टाकीमागे, गणपती मंदिराच्या गल्लीत' अशा पत्त्यावर वाढलेली. मला उलट अमेरिकेतच हरवायला होतं. शेवटी कोबानमधल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीतल्या हवालदारानं भला मोठा नकाशा उघडून बोटानं दाखवलं.

संध्याकाळी तो म्हणाला, "ही माणसं जन्मतःच शिस्तीची." मला हे पटत नाही. पहिल्या वर्षी मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी जळाऊ कचऱ्यात टाकली होती. गाडीवाल्यांनी पिशवी तिथेच ठेवली, वर इशाऱ्याचा स्टिकर. इमारतीतले सगळे येता-जाता तो वाचत होते, आणि पिशवी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या आजी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या पत्रपेटीत कचऱ्याचं कॅलेंडर होतं, काचेच्या वाराला लाल पेननं गोल केलेला. इतकी लाज मला दहावीच्या गणिताच्या पेपरालाही वाटली नव्हती. जन्मतः बिन्मतः काही नाही.

त्याला हॉटेलवर सोडून घरी आले, पर्स उघडली, तर आत तो कप. आसाकुसाला फोटो काढताना "जरा धर" म्हणून दिला होता, तो माझ्याकडेच राहिला. जळाऊ कचऱ्याचा आमचा वार सोमवार. दोन दिवस ओट्याखाली होता, नवरा विचारत होता हे काय जपून ठेवलंयस.