हॉब्सनचा घोडा

परवा दुपारी भाची इंग्रजी वाक्प्रचार घोकत होती आणि मी सतरंजीवर आडवा पडून ऐकत होतो. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस, आलंच. आमच्याही वेळी होतं. म्हणे गवताच्या छपरावर झोपलेली मांजरं पावसात घसरून खाली पडायची, म्हणून असं म्हणतात. एके काळी ही थाप ईमेलमधून गावभर फिरली. इतक्या गोंडस गोष्टी बहुधा मागाहूनच रचलेल्या असतात. 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे काणाडोळा करणं, ह्याचंही तसंच. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत इंग्रज आरमाराच्या नेल्सनने म्हणे आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावली आणि माघारीचा इशारा दिसतच नाही म्हणून सांगितलं. त्या दुर्बिणीवरही इतिहासकार नाक मुरडतात. मीसुद्धा मुरडतो, पण चारचौघांत सांगायची संधी सोडत नाही.

'हॉब्सन्स चॉइस' ह्या वाक्प्रचारातला हॉब्सन मात्र खराखुरा माणूस. थॉमस हॉब्सन, केंब्रिजचा. लंडनला टपाल आणि माल पोचवायचा, शिवाय घोडे भाड्याने द्यायचा. कॉलेजच्या पोरांना दरवेळी चपळ घोडेच हवेत, त्यामुळे तेच बिचारे मरायला टेकायचे. मग ह्याने नियम केला: दाराशी उभा असेल तो घोडा न्या, नाहीतर चालू लागा. झालं, 'हॉब्सन्स चॉइस': निवड फक्त नावाला!

आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्या काकांनी हॉब्सनचं नाव ऐकलेलं असणं शक्य नाही. सगळ्या पोरांचा डोळा त्या लाल सायकलवर. काका वहीत नाव लिहायचे, घड्याळ बघायचे आणि रांगेतली पहिली सायकल ओढून पुढे करायचे. सीट फाटकी, घंटीची वाटी गायब. "काका, ती लाल द्या ना." "हीच आहे. नको तर सरक, मागे पोरं उभी आहेत." मग नळीखालून पाय घालून, तिरकं होत, तासभर तीच हाणायची.

१६३० साली प्लेगमुळे हॉब्सनच्या लंडनच्या खेपा बंद झाल्या. ऐंशी ओलांडलेला गडी, घरी बसला आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी गेला. तेव्हा केंब्रिजातच शिकणाऱ्या कवी मिल्टनने त्याच्यावर दोन कविता केल्या. सूर मस्करीचा: म्हातारा फिरता होता तोवर मृत्यूच्या हाती लागत नव्हता, बसला तसा सापडला.

पायाला भिंगरी असलेली म्हातारी माणसं साथीत घरी बसलेली आपणही पाहिली, २०२० साली. त्यातली काही पुन्हा बाहेर पडलीच नाहीत. मस्करी करायचं आपल्यात कुणाला सुचलं नाही.