फायरवॉलवरचा जोड

फियाट ११०० ला वेगळी चेसिस नसते. जीपला किंवा ट्रकला खाली जाड लोखंडी सांगाडा असतो आणि नंबर त्या लोखंडात ठोकलेला असतो. फियाटमध्ये बॉडी हाच सांगाडा. म्हणून आरसी बुकात ज्याला चेसिस नंबर म्हणतात तो या गाडीत बॉनेट उघडल्यावर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीच्या, पत्र्यावर सापडतो, आणि तो पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. तेवढाच चौकोन कापून काढायचा आणि दुसऱ्या गाडीत बसवायचा, हे चांगल्या डेंटरला एका दुपारचं काम आहे. असं होतं हे आम्ही जुन्या गाड्यांची कामं करणारे सगळेच ऐकून असतो. माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच हाताने दुरुस्त केलेली गाडी अशा रूपात परत येईल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

गाडी घेऊन आले होते ते सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले चीफ केमिस्ट. त्यांचं नाव लिहीत नाही; मी त्यांना साहेबच म्हणतो. गाडी १९६६ ची डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली, हँडगिअरची, राखाडी रंगाची. निवृत्तीनंतर त्यांनी ती हौसेने घेतली होती, वर्षभर स्वतः राबून कार्ब्युरेटरपासून बंपरच्या क्रोमपर्यंत सगळं करून घेतलं होतं. आता त्यांना तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ही सोय केली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेतली स्वतंत्र नोंदणी मिळते, दहा वर्षांसाठी. पहिल्यांदा २०,००० रुपये, पुढच्या खेपेला ५,०००. रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. नोंदणीआधी राज्याची समिती गाडी तपासते, बॉडी, इंजिन, चेसिस मूळचं आहे का ते बघते. समितीने बघण्याआधी तुम्ही एकदा नीट बघा, असं साहेबांचं म्हणणं होतं.

अशी तपासणी मी अंगावरच्या रंगावरून करत नाही. सीट काढतो, मॅट उचलतो, बीडिंग सोडवतो. बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा खटकला तो नंबराभोवतीचा रंग. बाकीच्या फायरवॉलवर जुन्या रंगाचा पातळ थर आणि तिथेच तेवढा जाड, गुळगुळीत. हातातलं लोहचुंबक फिरवलं तर नंबरावर घट्ट बसत होतं, चार बोटं बाजूला सरकवलं की सैल पडायचं. म्हणजे खाली लांबी, आपली पुट्टी, भरलेली. डॅशबोर्डखाली आडवा होऊन आरसा आणि टॉर्च धरली, तेव्हा मागच्या बाजूने तो जोड स्पष्ट दिसला. नंबराभोवती बरोबर आयताकृती, वेल्डिंगने काळपट झालेली रेघ.

फायरवॉलला गंज लागतो तो खालच्या कोपऱ्यांत, पाणी साचतं तिथे. ठोकर बसली तर पत्रा चुरगळतो, ठिगळ वेडंवाकडं लागतं. नंबर मध्ये ठेवून चौकोनी ठिगळ लावायला भाग पाडणारा गंज किंवा अपघात मी पाहिलेला नाही.

तरी मी काही बोललो नाही. मागची सीट काढली, डाव्या बाजूचा फ्लोअर खरडला. तिथे एक ठिगळ होतं, पितळी जोडाचं. आता असा जोड कुणी देत नाही, सगळे वेल्डिंगच करतात. आमच्या उस्तादांची ती पद्धत. रेडऑक्साइड, म्हणजे गंजरोधक लाल रंग, मारण्याआधी ठिगळाच्या कोपऱ्यात पंचाने, म्हणजे आकडे उठवायच्या लोखंडी ठशाने, कामाचा रजिस्टर नंबर ठोकायचा, हीदेखील त्यांचीच शिस्त. गिऱ्हाईक पुन्हा आलं तर कुठलं काम आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं, यावर वाद नको एवढाच त्यामागचा हेतू. रेडऑक्साइड निघाला आणि आकडे वर आले. त्यातल्या सातची आडवी दांडी टोकाला तुटकी. माझ्या संचातला सातचा पंच तसाच आहे, टोक उडालेला.

रजिस्टर काढलं. ती गाडी कोथरूडच्या एका काकूंची होती. त्यांच्या यजमानांनी ती नवी घेतली होती, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची त्या काळात. काकू लेकीकडे गेल्या असताना बंगल्याच्या पोर्चमधून ती चोरीला गेली होती, आणि पोलिसांनी बराच शोध घेऊन शेवटी ‘अ’ समरी दाखल केली होती, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. त्या वेळी काकूंनी माझ्याकडून जुन्या बिलांच्या नकला नेल्या होत्या, म्हणून हे सगळं लक्षात होतं.

साहेबांना सांगणं हे त्या दिवसातलं सगळ्यात जड काम होतं. पोरांना चहाला पाठवलं आणि त्यांना आत बसवलं.

“साहेब, ही गाडी चोरीची आहे.”

ते रागावले नाहीत. त्यांनी फाइल उघडली आणि एकेक कागद माझ्यापुढे ठेवत गेले. मूळ आरसी बुक, नाव बदलल्याची नोंद, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप, विमा. खरेदीआधी त्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या यादीतही नंबर टाकून पाहिला होता. चोरीची नोंद निघाली नव्हती. “यातला कुठला कागद खोटा आहे ते दाखवा,” म्हणाले.

“एकही नाही,” मी म्हणालो. आणि हेच त्यांना समजावून सांगायला वेळ लागला. कागद खरे होते, पण ते दुसऱ्याच फियाटचे होते. ती केव्हाच भंगारात गेली असणार. तिचं आरसी बुक आणि नंबराचा पत्रा कुणीतरी जपून ठेवला, मग त्याच सालाची चांगली गाडी शोधून चोरली आणि तिच्यात तो पत्रा बसवला. पेन्सिलची छाप जुळणारच, पत्रा अस्सल होता. चोरीच्या यादीत नंबर निघणार नाही, कारण त्या नंबराची गाडी कधी चोरीला गेलीच नव्हती. आपल्याकडची सगळी पडताळणी नंबराची होते, गाडीची होत नाही. म्हणून सांगतो, जुनी गाडी घेताना स्वच्छ कागदांवर विसंबून राहू नका.

साहेब बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “आता माहीत झाल्यावर ती माझ्याकडे ठेवली तर मी गुन्हेगार ठरतो ना?” मी हो म्हणालो. त्यांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, “मग फोन करा. माझ्यासमोरच करा.”

पुढची धावपळ भरभर झाली. फौजदार आले, पंचनामा झाला, गाडी जप्त झाली, आणि माझं रजिस्टर, जुने फोटो आणि पंचांचा संचही पोलिसांनी ताब्यात घेतला. काही दिवसांनी न्यायसहायक प्रयोगशाळेचे तज्ज्ञ इंजिनचा नंबर तपासायला आले तेव्हा मला आणि साहेबांना ओळख पटवायला बोलावलं होतं.

चोरांनी काकूंच्या गाडीचं इंजिन तसंच ठेवलं होतं. फियाटचा ब्लॉक बिडाचा असतो, त्यावरचा नंबर घासून भंगारातल्या गाडीचा ठोकला होता. तज्ज्ञांनी ती जागा आधी बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी केली, पुसली, आणि कापसाच्या बोळ्याने त्यावर एक द्रावण फिरवायला सुरुवात केली. साहेब दोन पावलं पुढे सरकले. “कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल?” तज्ज्ञांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हसून हो म्हणाले. मग मला ते साहेबांनीच समजावलं. पंचाचा घाव बसतो तेव्हा आकड्याच्या खाचेखालचा धातूही दाबला जातो, खाच दिसते त्याहून खोलवर. वरचं घासून काढलं तरी तो दाबलेला भाग आत शिल्लक राहतो, आणि आम्ल त्याला आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या वेगाने खातं. फार खोल घासलं असतं तर काही उरलं नसतं. इथे घाईत घासलं होतं. हळूहळू नव्या आकड्यांच्या आडून जुने आकडे धूसर वर येऊ लागले. एक आकडा उठला की लगेच फोटो, कारण तो टिकत नाही. एक सोडून सगळे आकडे काकूंच्या आरसी बुकाशी जुळले. आपली गाडी आपल्या हातून जाते आहे याचा पुरावा तयार होत होता, आणि तो माणूस एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवत होता. त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

गाडी कशी गेली होती तेही तपासात बाहेर आलं. रात्री नाही, भर दुपारी. क्रेन आली, मागची चाकं उचलली, आणि गाडी निघून गेली. शेजारच्या एका गृहस्थांनी तर क्रेनला वळायला जागा व्हावी म्हणून आपली स्कूटर बाजूला घेतली होती. त्यांना दोष कसा द्यायचा? साठ वर्षांची फियाट क्रेनला लटकलेली दिसली की बघणाऱ्याला वाटतं, बंद पडली असेल, गॅरेजला चालली असेल. नवी गाडी अशी नेताना निदान कुणीतरी हटकेल. जुन्या गाडीला हे जे कवच नाही, त्याचा विचार मालक करतच नाहीत.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण इग्निशनचं संरक्षण मागतात. तेही हवंच. या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र, नाही. कॉइलला बॅटरीचा करंट मिळाला की किल्लीची गरज संपते. त्यामुळे गाडी उभी ठेवताना डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून खिशात टाकावा, हा सगळ्यात स्वस्त आणि अजूनही उत्तम उपाय. कॉइलच्या वायरीत एक लपवलेला स्विच, बॅटरीला कट-ऑफ, हे मी करून देतो. पण क्रेनपुढे यातलं काहीच चालत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पोर्चच्या काँक्रीटमध्ये जाड कडी पुरून घ्या आणि तिला मागच्या अ‍ॅक्सलमधून साखळी घाला. क्रेनवाल्याला साखळी कापायला ग्राइंडर लावावा लागला तर त्याचा आवाज चार घरं ऐकतील. जीपीएस बसवाल तर स्वतःच्या वेगळ्या बॅटरीवर चालणारं बसवा, कारण चोर पहिल्यांदा गाडीची बॅटरी सोडवतो. आणि बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना स्पष्ट सांगून जा की ही गाडी कुणीही, कुठल्याही कारणाने न्यायला आलं तरी आधी आम्हाला फोन करायचा.

विम्याचंही एक सांगतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे ती ठरवून घ्यावी लागते, मूल्यांकन करून, फोटो जोडून. जुन्या गाड्यांचे बहुतेक मालक फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, आणि त्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. काकूंना मिळाला नव्हता.

पण काकूंची गाडी सापडली ती या कशामुळेच नाही, फ्लोअरच्या ठिगळावर ठोकलेल्या आकड्यांमुळे. म्हणून आता माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीत मी निदान तीन लपलेल्या जागी खूण ठोकतो, त्यांचे फोटो काढतो, आणि ते मालकाकडेच देतो. गॅरेजच्या भिंतीवर किंवा फोनच्या स्टेटसवर लावत नाही. जोड, ठिगळं, काचेवरचे शिक्के, सीटखालच्या स्प्रिंगा, सगळ्याचे फोटो. नंबर चोराला बदलता येतो, पण साठ वर्षांत गाडीच्या अंगावर झालेली कामं त्याला सगळी पुसता येत नाहीत, कारण त्यातली निम्मी त्याला माहीतच नसतात.

गाडी न्यायालयाच्या आदेशाने काकूंना सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात जप्त वाहनं पोलीस ठाण्यात सडत ठेवू नका असं बजावलं आहे, त्यामुळे ती उन्हापावसात पडून राहिली नाही. कायद्याने साहेबांना गाडीवर हक्क उरला नाही. ज्याची वस्तू नाही त्याने विकली तर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. काकूंनी त्यांना क्रोमचा आणि कार्ब्युरेटरचा खर्च देऊ केला. साहेबांनी पैसे नाकारले, फक्त बसवलेल्या सुट्या भागांची यादी त्यांच्याकडून सहीनिशी घेतली, कारण विकणाऱ्यावर केलेल्या फसवणुकीच्या तक्रारीत ती जोडायची होती. दोन्ही खटले अजून उभे राहायचे आहेत, माझी साक्ष व्हायची आहे.

सांगलीत एक १९७८ ची पद्मिनी विकायची आहे, पहिल्या मालकाच्याच घरात. रविवारी मी आणि साहेब ती बघायला निघालोय. मालकांना साहेबांनी आधीच कळवलं आहे की सीट काढून आणि मॅट उचलून बघू देणार असाल तरच येतो.