तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात आडवी सायकल जमते का?

नकाणे तलावाच्या रस्त्यावर, भाजीबाजारात, परवा तर लग्नाच्या मांडवातसुद्धा तोच प्रश्न आला. "बाई, साठी उलटल्यावर ही झोपून चालवायची सायकल कशी शिकलात? पडायची भीती नाही वाटत?" उभ्या उभ्या सांगायला गेलं की निम्मं राहून जातं. म्हणून सावकाश लिहिते.

साधी सायकल मला लहानपणापासून येत होती. नोकरीची बरीच वर्षं शाळेत सायकलनेच गेले. पुढे मानेचे मणके झिजले आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. साध्या सायकलवर पुढे वाकलं की अंगाचा बराच भार मनगटांवर येतो, आणि समोर बघायला मान उचलून धरावी लागते. आडव्या सायकलवर, म्हणजे रिकंबंटवर, पाठ टेकलेली असते, पाय पुढे असतात आणि भार कंबर-पाठीवर पसरतो. सायकल सोडायची नव्हती, म्हणून बसायची रीत बदलली.

पण हा म्हाताऱ्या माणसांसाठी काढलेला प्रकार आहे असं कुणी समजू नये. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूनं शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं आणि १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं सायकलची व्याख्याच अशी केली की ही बनावट शर्यतींतून बाहेर पडली. वेग होता, म्हणूनच बाहेर काढली, असं माझं ठाम मत आहे. शर्यतीत राहिली असती तर आज धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या दुकानातही टांगलेली दिसली असती.

आता शिकण्याचं. साधी सायकल येते म्हणून ही येईल, असं होत नाही. साध्या सायकलवर आपण नकळत कंबर हलवून, अंग झुकवून तोल सावरतो. इथं पाठ आसनाला टेकलेली, त्यामुळे तो मार्ग जवळजवळ बंद. तोल हँडलच्या बारीक हालचालीवरच राखायचा. त्यात आसन खाली. तळहातावर लांब काठी उभी धरणं सोपं आणि पेन्सिल उभी धरणं अवघड, तसंच हे आहे: उंची कमी असली की कलायला लागल्यावर सावरायला वेळ कमी मिळतो. वेग आला की हा प्रश्न उरत नाही. सगळी परीक्षा पहिल्या दोन-तीन पेडलांची.

पहिल्यांदा आसन लावून घ्या. टाच पेडलवर ठेवली आणि पेडल सगळ्यात लांब गेलं की पाय सरळ व्हायला हवा. आसन फार जवळ असेल तर गुडघे बोलायला लागतात, फार लांब असेल तर कंबर दोन्ही बाजूंना घासत राहते. मग अगदी हलका उतार शोधा. मी शाळेच्या मैदानाच्या कडेला, सकाळी पोरं यायच्या आत जात असे. पेडलला पाय लावायचाच नाही. दोन्ही पाय जमिनीलगत मोकळे सोडायचे, बोटं ब्रेकवर, आणि सायकल आपोआप घरंगळू द्यायची. याचा कंटाळा येईपर्यंत हेच. हँडल किती कमी हलवावं लागतं हे हातांना इथंच कळतं.

नंतर पेडल. गिअर हलका ठेवा, पण सगळ्यात हलका नको. त्यात पाय नुसतेच फिरतात आणि सायकल पुढे जात नाही. एक पेडल जवळजवळ वर आणून त्यावर पाय ठेवायचा, पाठ आसनात रुतवायची आणि न कचरता जोर लावायचा. दुसरा पाय लगेच उचलायचा. घाबरून हळू निघालं की नक्की डुगडुगतं. नजर चाकावर नको, लांब झाडावर ठेवा. आणि खांदे! पाय जोर लावतात तेव्हा हातही घट्ट आवळले जातात, आणि प्रत्येक पेडलला हँडल डावी-उजवीकडे जातं. मी मोठ्यानं पाढे म्हणत असे. तोंड चालू असलं की हात सैल राहतात.

पडण्याबद्दल खरं सांगायचं तर पडणं बुटकं असतं, कुशीवर होतं, डोकं पुढे आपटत नाही. हेल्मेट तरीही हवंच. खरा धोका वेगळा आहे. चालत्या सायकलवर पाय पेडलवरून निसटून जमिनीला लागला तर तो मागे, आसनाखाली ओढला जातो, आणि घोटा किंवा पाय मोडू शकतो. म्हणून सायकल थांबेपर्यंत पाय खाली टेकवायचा नाही. पेडलला पट्टे लावून घेतले तर चांगलंच, पण आधी निघणं आणि थांबणं सवयीचं होऊ द्या.

कपड्यांचंही विचारतात. साखळी नेहमीच्या सायकलच्या दुपटीहून लांब, आसनाखालून जाते. ओढणी घरी ठेवायची, सलवारीला घोट्याशी बंद बांधायचा. नवी साखळी घालावी लागली तर दोन-तीन साध्या साखळ्या जोडून होते. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या भाऊंनी तशीच करून दिली. माझ्या सायकलचं पुढचं चाक वीस इंची, म्हणजे पोरांच्या सायकलची ट्यूब चालते. ही सोय मोठी आहे, कारण आपल्याकडे बाभळीचे काटे कुणाला सोडत नाहीत.

रस्त्यावर लोक थांबवतात. शेतातून येणाऱ्या बाया विचारतात, "माय, हाई काय शे?" एक आजी तर "पडशी ना माय!" म्हणत माझ्यासोबत चालायला लागल्या. मी थांबते, त्यांना आसनावर बसवते. मला ते आवडतं.

महामार्गावर मात्र मी जात नाही. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही महामार्ग येऊन मिळतात, आणि ट्रकच्या केबिनमधून इतकी खाली बसलेली बाई दिसेलच याची खात्री नाही. मागे उंच काठीला केशरी कापड, दोन्ही बाजूंना आरसे, आणि गावाकडचे रस्ते. घाटही नको. चढावर पेडलवर उभं राहता येत नाही, हलक्या गिअरमध्ये सावकाश जावं लागतं, आणि वेग पडला की तोल पुन्हा अवघड होतो. वाऱ्याचं उलट. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा समोरून आला की साधी सायकल जागची हलत नाही. आडवं बसल्यावर वाऱ्याला अंग कमी लागतं, तो फरक मांड्यांना लगेच कळतो. उन्हाचं मात्र सोसावं लागतं. ते थेट तोंडावर येतं, म्हणून चैत्र-वैशाखात उजाडताच निघायचं आणि ऊन चढायच्या आत घरी.

"मग तीनचाकीच का नाही घेतली?" हाही प्रश्न असतो. हाडं ठिसूळ असतील, चक्कर येत असेल किंवा तोलाचा त्रास असेल तर तीनचाकीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तिच्यावर निघायची-थांबायची भीतीच राहत नाही. पण ती रुंद असते, आमच्या बोळातून नेणं आणि ओसरीवर चढवणं मला एकटीला जमलं नसतं. शिवाय मला तोल सांभाळायचा होता. तो शरीरातून जाऊ द्यायचा नव्हता.

घ्यायची असेल तर चित्र बघून मागवू नका. आधी कुणाच्या तरी सायकलवर बसून बघा. दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशी, दोन चाकांत अंतर जास्त असलेली नवख्याला बरी; तिला वळायला मात्र जागा जास्त लागते, अरुंद गल्लीत उतरूनच फिरवावी लागते.